मेलितोनमामांचा पाहुणचार

मेलितोनमामा हो म्हणाले, तर तळ्याकाठचा जमिनीचा तुकडा सेवेरो चोकेच्या पदरात पडणार होता. त्या तुकड्यावर खडक, गवत आणि वारा, एवढंच पिकत होतं. पण एका हॉटेलवाल्याला नेमका तोच वारा हवा होता, आणि भाव असा देत होता की सेवेरोची टॅक्सी जन्माची सुटली असती. खर्चाच्या बाजूला फक्त एक दिवस. मामांना ला पाझ शहर दाखवायचं, खाऊपिऊ घालायचं आणि जेवताना कागद पुढे सरकवायचा. मामांना मूलबाळ नव्हतं. हिशेब सरळ होता.

सरळ नव्हते ते मामा. सत्तरी उलटलेली, गुडघे कामातून गेलेले. केबल कारमध्ये बसल्याबसल्या त्यांनी डोळे मिटले.

"मामा, बघा तरी. अख्खं शहर पायाखाली आहे."

"असू दे. पाय आहेत तोवर असू दे."

मांडीवर रंगीत कापडाचं गाठोडं होतं. सेवेरोने ते घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे रे. घरचे पाव आहेत."

समोरच्या बाकावर तपकिरी हॅट घातलेले दोघे खिडकीबाहेर बघत होते. शहर इतकं टक लावून बघणारे शहरातले नसतात, हे सेवेरोला टॅक्सीमुळे ठाऊक होतं.

चौकात त्याने मामांना संसदेवरचं उलट्या दिशेने फिरणाऱ्या काट्यांचं घड्याळ दाखवलं.

"मग इथेच बसू," मामा बाकावर टेकत म्हणाले. "बसलो दहा वर्षं, तर गुडघे परत येतील."

ते बसले ते बसलेच. सेवेरोही दमला होता. पहाटेपासून तो हसत होता, आणि हसण्याची सवय नसलेल्या माणसाचे गाल दुखतात. तेवढ्यात कबुतरांपलीकडे त्याला त्या दोन हॅट पुन्हा दिसल्या.

हॉटेलवाल्याचे दलाल! परस्पर म्हाताऱ्याला गाठणार!

"मामा, ते ओळखीचे आहेत का?"

"कोण? मला लांबचं दिसत नाही."

सेवेरोने मामांना दंडाला धरून उठवलं आणि गल्लीबोळांतून फिरवलं. चर्च दाखवलं, जादूटोण्याचा बाजार दाखवला. प्रत्येक पायरीवर मामा थांबत, श्वास घेत आणि म्हणत, "छान आहे. बसायला कुठे आहे?"

"गावाकडे काय म्हणतात?" सेवेरोने उगाच विचारलं.

"गाव थकलंय. संताचा उत्सव तेवढा थकत नाही."

सेवेरोने विषय बदलला. उत्सवाचं नाव काढलं की त्याला वडील आठवत. एका वर्षी ते यजमान झाले. तीन दिवस अख्खं गाव जेवलं, प्यालं, बँडवर नाचलं, आणि चौथ्या दिवशी गोठ्यात बैल नव्हते आणि आईच्या कानांत काही नव्हतं. त्यानंतरच सेवेरो शहरात पळाला. इथेही रविवारी गाववाले पाव आणि बियर घेऊन दारात येत. तो दार उघडत नसे. त्यांचा घास घेतला, घोट घेतला आणि दोघांनी पाहिलं, की मग पुढचा यजमान व्हायला तोंडाने होकार द्यायची गरजच उरत नाही.

खानावळीत डुकराच्या मटणाचा पिवळाजर्द रस्सा आला. पहिल्या वाफेसरशी मामांचे डोळे पहिल्यांदा पुरते उघडले. सेवेरोने कागद काढला.

"मामा, ते आपलं…"

"सही ना? करतो की. जमीन मी काय छातीवर घेऊन जाणार आहे?"

मामांनी वाकडीतिकडी सही ठोकून दिली. सेवेरोने कागद खिशात घातला, वरून खिसा दाबून पाहिला.

"पण एक आहे हं," मामा म्हणाले. "जेवण माझं. दिवसभर तू खर्च केलास. भाच्याच्या जिवावर जेवलो, तर तुझी आई वरून शिव्या देईल."

"अहो मामा, कशाला?"

"मानी माणूस आहे मी. नाही म्हणू नकोस."

सेवेरो कशाला नाही म्हणेल? जमीनही मिळाली, वर जेवण फुकट. त्याने ताट पुसून खाल्लं. मामांनी गाठोड्याची गाठ सैल करून पाव काढला, अर्धा मोडून त्याच्या हातावर ठेवला. तोही खाल्ला. मामांनी बियर ओतली, धरणीमातेसाठी चार थेंब जमिनीवर सांडले आणि ग्लास त्याच्या हातात दिला. सेवेरोने तो एका दमात संपवला.

मागे खुर्च्या सरकल्या. तपकिरी हॅटवाले दोघे टेबलाशी उभे होते. हॅट आता हातांत होत्या.

"पाहिलंत ना?" मामांनी विचारलं.

"पाहिलं, मेलितोनदादा. पावासकट."

मामांनी गाठोडं पुरतं सोडलं. तळाशी पांढऱ्या कागदाच्या बारीक टिकल्या होत्या. दोघांनी मुठी भरल्या आणि लग्नात अक्षता टाकाव्यात तशा सेवेरोच्या डोक्यावर टाकल्या.

"मागच्या वर्षी ह्या माझ्या डोक्यावर पडल्या," मामा म्हणाले. "यंदाचा यजमान मी. वर्षभर झोप नाही बघ. ह्या गुडघ्यांनी तीन दिवस नाचणार कसा? आपल्या माणसाने ग्लास घेतला, सुटलो."

"पण जमीन…" सेवेरोच्या तोंडून एवढंच फुटलं.

"तुझीच आहे की. हॉटेलवाला आधी माझ्याकडेच आला होता, बाळा. त्याचा भाव ऐकला. तेवढ्या पैशांत बँड बसतो, बियर बसते, सगळं बसतं."

मामांनी भिंतीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले.

खानावळीचे पैसे त्यांनी आधीच चुकते केले होते. दोन ताटं, एक बाटली. बाकीच्या गावाचे सेवेरो देणार होता.