पहिल्या सॅमनचा मान

बत्तीस वर्षं, वर्षातला पहिला लाल सॅमन मात्र्योनाच्याच ओट्यावर आला होता. यंदा तिच्या लेकाने, इनोकेंटीने, तो परस्पर तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरवाल्यांच्या बेसवर नेला. आईला विचारणं नाही, सांगणं नाही. वर शेजारीण खिडकीतून म्हणाली, "त्या पोरीला द्यायला नेला असेल गं." म्हणजे गावाला कळलं आणि घरच्यांना नाही.

पहिला मासा घरातल्या वडीलधाऱ्यांचा, हे अलास्कातल्या या कोडियाक बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हा तर अडतीस वर्षांचा घोडा.

ती पोरगी म्हणजे टेसा. एप्रिलात इनोकेंटीची बोट बुडाली, तेव्हा हेलिकॉप्टरमधून पाण्यात उतरून तिनेच त्याला बाहेर काढलं होतं. मात्र्योनाने चर्चमध्ये तिच्या नावाने मेणबत्ती लावली होती, चांगली जाडजूड. पण उपकार वेगळे आणि मासा वेगळा.

मात्र्योना तडक बेसवर गेली. फाटकावरच्या शिपायाने ओळखपत्र मागितलं.

"माझा मुलगा आत बसलाय. तीच माझी ओळख."

शिपायाने फोन फिरवला आणि मुकाट्याने तिला हँगरच्या मागे नेऊन सोडलं.

तिथे लाकडी बाकावर इनोकेंटी पाठमोरा बसला होता. समोर टेसा मासा कापत होती. कापत कसली होती, छळत होती. डोकं तर तिने केव्हाच उडवून बादलीत फेकलं होतं. मात्र्योनाला बरंच वाटलं. हिला मासा कळत नाही, चला. ती तोंड उघडणार, तेवढ्यात इनोकेंटीचा आवाज आला.

"पाण्यात तासाभराने हात सुन्न झाले. मग वाटलं, पुरे. खरं सांगू? मी स्वतःला सोडूनच दिलं होतं."

"माहितेय," टेसा म्हणाली. "मी तुझा हात धरला, तेव्हा तू माझा धरला नव्हतास."

इनोकेंटीचे खांदे हलायला लागले. टेसाने सुरी खाली ठेवली.

मात्र्योना जागच्या जागी उभी राहिली. घरी तो एवढंच म्हणाला होता, पाणी गार होतं. दोन महिने ती त्याला गरम सूप वाढत होती आणि तो खाली मान घालून पीत होता. सगळं बोलणं इथे, या लांबच्या मुलखात मका खाऊन वाढलेल्या परक्या पोरीपाशी सांडत होतं. मासा तरी डोळ्यांना दिसला. हे असं किती दिवस चाललं होतं, देव जाणे.

ती पुढे झाली. बादलीतून माशाचं डोकं काढून तिने टेसासमोर ठेवलं.

"डोकं फेकतात होय? गालातलं मांस सगळ्यांत गोड. मानाच्या माणसाचं असतं ते."

"मला माहीत नव्हतं, आजी." टेसा उठून उभी राहिली. "मग हे तुम्ही घ्या."

"तुझ्यापुढे ठेवलंय ना? मग तुझं."

इनोकेंटीने बाहीने तोंड पुसलं. "आई, तू कधी आलीस?"

"ऐकायचं ते ऐकण्याइतकी आधी. मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, वाचलास ना, मग जेव."

टेसाने मान वळवली.

"म्हणाले असते," मात्र्योना म्हणाली. मग लेकाच्या कोटाची वरची गुंडी तिने करकचून लावली. "तुला हिने काढलं, तेव्हा पहिला मासा हिचा. दरसाल आणून दे, माझी ना नाही. पण रडायचं ते माझ्या घरी येऊन रडायचं, इनोकेंटी. तेवढं मी कुणाला देणार नाही."