आजींचं पत्र

छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासलेले काका तमिळच्या वर्गात धडा सगळ्यांच्या आधी वाचून काढत, पण मनातल्या मनात. बोलायची पाळी आली की दातखीळ बसायची. तीन महिन्यांत तोंडातून एक वाक्य निघालं नव्हतं. अखेर त्यांनी शेजारच्या बाकावरच्या नर्सला सांगून टाकलं, "उद्यापासून मी येत नाही."

"नका येऊ. पण आधी माझं एक काम करा, काका. आमच्या वॉर्डातल्या तमिळ आजींना नातीचं पत्र आलंय आणि त्यांचा चष्मा सापडत नाहीये. मला बोललेलं कळतं हो, पण अक्षरं म्हणजे नुसती वेटोळी दिसतात."

काका पलंगाशी उभे राहून, घाम पुसत, अक्षराला अक्षर जोडत मोठ्याने वाचू लागले. नर्स मधूनमधून मराठीत अर्थ सांगत होती. नात पोहायला शिकली तिथे आजी हसल्या, मांजर हरवलं तिथे चुकचुकल्या. एका लांबलचक शब्दावर काका अडले, तर आजींनी तो पत्राकडे न बघताच पुरा केला. शेवटच्या ओळीपर्यंत काकांचा आवाज पलीकडच्या खाटेपर्यंत पोचला होता.

खूश होऊन आजी सरसावून बसल्या, तसा उशीखालून चष्मा घरंगळत बाहेर आला. चांगला धडधाकट. नर्स घाईघाईने सलाईनची बाटली न्याहाळू लागली. आजी छताकडे बघत राहिल्या.

काकांनी चष्मा पुन्हा उशीखाली सरकवला, घसा खाकरला आणि एकेक शब्द जुळवत तमिळमध्ये म्हणाले, "आजी, उद्याही सापडू देऊ नका."