खंडेनवमीचा नारळ

"मेलेली म्हैस दुभती म्हणून बांधलीस की रे आमच्या दावणीला," दुकानात शिरतानाच बायजाक्कांनी तोंड सोडलं. तो जुना कॉम्प्युटर दुकानदार इरफाननेच त्यांना विकला होता. मागोमाग तो घेऊन आलेली सून शैला त्यावर घरबसल्या टायपिंग करायची. आज तो चालू झाला नाही, तर प्रेसवाला तिचं काम दुसऱ्या बाईला देणार होता.

इरफानने कॉम्प्युटरचा डबा उघडला. रॅम काढून खोडरबराने घासली, सेल बदलला, दुसरा पॉवर सप्लाय लावून पाहिला. पंख्याने अर्धी गिरकी घेतली आणि तो थांबला. मग त्याने आतला मदरबोर्ड सोडवून उजेडात धरला. एका कोपऱ्यात हिरवट गंज चढला होता, आणि त्यात कुंकू चिकटलेलं होतं.

"मावशी, यात पाणी गेलंय. बोर्ड संपला. असला आता मिळतही नाही."

अक्कांनी ते कुंकू पाहिलं. खंडेनवमीची पूजा त्यांनीच मांडली होती. नारळ फोडून त्याचं पाणीही त्यांनीच डब्याच्या जाळीवर ओतलं होतं, सून नको नको म्हणत असताना.

"पुसताना माझाच फडका ओला असेल," शैला खाली बघत म्हणाली.

नाही, पाणी मी ओतलं, एवढंच बोलायचं होतं. अक्कांनी तोंड उघडलं, आणि बारा वर्षांची सवय आधी बाहेर पडली.

"तुला कितीदा सांगितलं, जरा बघून हात फिरवत जा."

"हो, अक्का," म्हणत शैलाने तो डबा कडेवर घेतला आणि ती पायऱ्या उतरली.