तिसरा कप

"आजचे दोन झाले," ताई म्हणाली आणि कॉफीची बरणी कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली.

"पहिला धरू नकोस. वाया गेला तो. प्यायलो आणि वीस मिनिटांत झोपलो."

"झोपलास म्हणून पोटातलं कॅफिन बाहेर येत नाही."

ताई औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. गेल्या महिन्यात धाकट्या भावाची छाती धडधडायला लागली, तेव्हा तो दिवसाला नऊ कप रिचवतो हे उघडकीला आलं. डॉक्टरांनी दोनवर आणलं आणि अंमलबजावणी ताईकडे गेली. तेव्हापासून फ्रिजवर एक तक्ता होता: कप किती वाजता, नाडी किती, काम किती.

तिसरा रकाना बघवत नव्हता.

भाऊ संगीतकार होता. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचा नवा दवाखाना शुक्रवारी बारा वाजता सुरू होणार होता. आतल्या ड्रिलचा आवाज ऐकून बाहेर बसलेले पेशंट पळून जाऊ नयेत, म्हणून बाईंना नऊ मिनिटांची धून हवी होती. आज बुधवार, आणि धून साडेसहा मिनिटांवर अडली होती. हेही काम हुकलं तर सोमवारपासून भावजींच्या टाइल्सच्या दुकानात उभं राहीन, असं त्याने स्वतःच सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. भावजींनी त्याच्या मापाचा शर्टसुद्धा आणून ठेवला होता. पाठीवर दुकानाचं नाव.

कॉफी प्यायची, हेडफोन लावायचे, पहिल्यापासून ऐकत यायचं, म्हणजे पुढचं आपोआप सुचतं. ही त्याची वर्षानुवर्षांची पद्धत. पण या आठवड्यात कॉफी दगा देत होती. बसला की मान टाकायचा, आणि तासाभराने गालावर की-बोर्डचे ठसे घेऊन उठायचा.

गुरुवारी दुपारी त्याने ठसे चोळत जाहीर केलं, "ही कॉफी बिनकॅफिनची आहे. तू बदललीस."

ताईचा चेहरा लाल झाला. "बारा वर्षांत एका गोळीत घोळ केला नाही मी, आणि कॉफीत करीन?"

"मग सिद्ध कर."

भावजी एरवी कॉफीला शिवत नसत. त्याच बरणीतला एक कप त्यांना पाजण्यात आला. संध्याकाळपर्यंत त्यांनी घरातले चारही पंखे पुसले, हत्यारांच्या पेटीतले स्क्रू लांबीनुसार लावले आणि शेजाऱ्यांच्या दाराची करकर थांबवून आले. शेजाऱ्यांनी बोलावलंही नव्हतं.

"पटलं?" ताईने विचारलं.

"म्हणजे दोष माझ्यात आहे."

"तुझ्यातच. काल संध्याकाळी दोन तास पत्ते कुटत होतास, कॉफीचा थेंब नव्हता पोटात. तेव्हा आली झोप? लहानपणी गणिताचं पुस्तक उघडलं की तुझं हेच व्हायचं."

"ते गणित होतं ताई."

"आणि हे काम आहे. तुला दोन्हीचं वावडं. बरं, ऐकव तरी, कुठे अडलंय ते."

"अपुरं काम मी कुणाला ऐकवत नाही."

"मग माझ्या नशिबात ऐकणं नाही," ताई म्हणाली आणि दुकानात निघून गेली.

शुक्रवारी नऊचा कप फुकट गेला. दुपारचा त्याने दहालाच मागून घेतला, तोही गेला. अकराला तो उठला तेव्हा ताई दारात उभी होती. तिने त्याच्या गालावर उमटलेल्या पट्ट्यांकडे बघितलं, मनगट धरून नाडी मोजली, कपाट उघडलं आणि तिसरा कप करून दिला. तक्त्यात तिने तो लिहिला नाही. बारा वर्षांतली तिची पहिली चूक.

तिसऱ्या कपानंतर तो जागा झाला तेव्हा अकरा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

त्याने हेडफोन काढून पलंगावर भिरकावले. ऐकत बसायला वेळच नव्हता. स्क्रीनवरचे स्वर नुसते डोळ्यांनी वाचत, आकडेमोड केल्यासारखी त्याने उरलेली अडीच मिनिटं भरून काढली. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही सलग न ऐकलेली धून अकरा बावन्नला डॉक्टरीणबाईंकडे रवाना झाली.

बारा वाजले. एक वाजला. बाईंचा फोन नाही, साधा निरोप नाही. त्याने तीनदा फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली.

"आवडली नसेल," तो म्हणाला.

"पाहुण्यांच्या गडबडीत असतील," ताई म्हणाली, पण तिचाही आवाज पडला होता.

भावजी जेवायला आले. जेवण झाल्यावर त्यांनी इस्त्री केलेला शर्ट हळूच टेबलावर ठेवला. "सोमवारी साडेनऊ. सुरुवातीला बाथरूम विभाग बघ."

"तिथे दिवसभर उभंच राहायचं असतं," ताईने समजूत घातली. "झोपायचा प्रश्नच नाही."

त्याने शर्ट उचलला, अंगाला लावून बघितला. माप अगदी बरोबर होतं. तेवढ्यात फोन वाजला. नंबर दवाखान्याचा.

"साहेब," पलीकडून कुजबुज आली. "मी वॉचमन, खिडकीतून हात घालून फोन घेतलाय. कानात कापूस आहे, जरा मोठ्याने, सुटं सुटं सांगा. बाईंनी बाराला तुमचं संगीत लावलं. ते फिरून फिरून वाजतंय. बाई, पाहुणे, खुर्चीतला पेशंट, सगळे आडवे. इंजेक्शनची सुई टोपणातच आहे. ते बंद कसं करायचं तेवढं सांगा. दोघांना आत पाठवलं होतं, दोघंही घोरतायत."