पिवळट दिवे

बाबांच्या गाडीचे पुढचे दिवे धुरकट, पिवळट झाले होते. “यापेक्षा काजवे बरे! अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही,” आई त्यांना रोज बजावायची.

म्हणून आज सुट्टीचा मी पॉलिश पेपर आणि पाण्याची बादली घेऊन दिवे घासायला बसलो. आई मात्र सारखी आत-बाहेर करत होती. “पुरे की आता! हात दुखतील तुझे.”

संध्याकाळी दिवे लख्ख झाले. बाबांनी खुशीत किल्ली उचलली. “लांब चक्कर मारून येतो!”

आईने मला दंडाला धरून आत ओढलं.



“अरे शहाण्या, अंधारात दिसत नाही त्यांना! डोळ्यांना नावं ठेवलेली खपत नाहीत, म्हणून तर मी दिव्यांना ठेवत होते!”