दोन बोटांची पावलं

दोन बोटांची पावलं करून गंगावणेमामा केतकीच्या पुठ्ठ्याच्या वाचनालयात शिरले. आर्किटेक्चर कॉलेजचे हे शिपाई. परीक्षकांच्या ज्युरीसमोर न्यायला मॉडेल उचलण्याआधी प्रत्येक इमारतीत त्यांचा असा फेरफटका ठरलेला. बोटं जिना चढली, गच्चीवर जरा रेंगाळली आणि दाराशी परत येऊन उभी राहिली.

"झकास झालंय ताई. पण मी बसू कुठं?"

"तुम्ही कशाला येताय मामा वाचायला?" केतकी फणकारली. आठ दिवस पुठ्ठा कापून तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

"वाचायला नाही हो. पण सकाळी कुलूप कोण काढणार?"

ज्युरीने त्या दिवशी वाचनालय परत पाठवलं. "देखणं आहे, पण यात कुणी वावरतंय असं वाटत नाही," एवढाच शेरा. महिन्याने शेवटची संधी होती. ती हुकली तर वर्ष गेलं. केतकीने काचेची दर्शनी भिंत मोडीत काढली, जिना हलवला आणि सगळं नव्याने मांडताना सुरुवात दारापासून केली.

ज्युरीच्या सकाळी मामांची बोटं पुन्हा आत शिरली आणि दोन पावलांवरच थबकली. दाराला लागून, खिडकीच्या उजेडात एक छोटासा कट्टा होता. पाठ टेकायला भिंत, शेजारी माठाला कोनाडा. बोटं वळली, गुडघ्यात दुमडली आणि बसली.

"मामा, चला ना, आत सगळे खोळंबलेत!"

"थांबा हो ताई." बोटं जागची हलली नाहीत. "आत्ताच तर टेकलोय."