गिरिजाचं तोंड

फोटोच नाही म्हटल्यावर शिवरंजनीनं हातातली पट्टी खाली ठेवली.

लोहाऱ्यात कुणाच्या घरातल्या वारलेल्या माणसाचं पहिलं वर्षश्राद्ध जवळ आलं, की लोक फोटो घेऊन तिच्याकडे यायचे. फोटोवर बारीक चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कागदावर आखायच्या आणि एकेक चौकट भरत जायची. चित्र हुबेहूब उतरायचं. शाळेतले चित्रकलेचे गुरुजी मात्र एकदा म्हणून गेले होते, की बाई, चौकटी काढून घेतल्या तर यात तुमचं काय राहतं? ते तिला लागलं होतं. कारण चौकटीवाचून तिच्या हाताला साधा कानही धड येत नव्हता.

समोर सास्तूरच्या रुद्रम्मा बसल्या होत्या. साठीला टेकलेल्या, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. सोमवारचा कडक उपास म्हणून चहालाही शिवल्या नव्हत्या. मागणं एवढंच होतं, की त्यांची गिरिजा काढून द्यायची. अडीच वर्षांची, भूकंपात गेलेली. त्याच ढिगाऱ्याखाली धनी गेले, पेटी गेली आणि पेटीतला तिघांचा एकुलता फोटोही गेला. त्याला आता बत्तीस वर्षं झाली होती.

शिवरंजनीनं आधी नाही म्हणून पाहिलं. कधी न पाहिलेल्या लेकराचा चेहरा मनानं काढला तर तो खोटाच होणार, असं तिनं परोपरीनं सांगितलं. रुद्रम्मांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग खरा कुणापाशी असला तर सांग, माय. मी तिकडं जाते."

शिवरंजनीनं कागद लावला, कोळशाची पेन्सिल उचलली. कागदावर एकही रेघ नव्हती.

विचारत विचारत काढू, असं ठरलं. नाक कसं होतं? रुद्रम्मा थांबल्या, म्हणाल्या, नाकासारखं नाक. डोळे? मोठे असतील, लेकरांचे मोठेच असतात. फ्रॉक मात्र त्यांनी न अडखळता सांगितला. पिवळा, गळ्याला झालर, उमरग्याच्या बाजारातून आणलेला, पाठीचं एक बटण तुटलेलं. पायातले वाळे सांगितले. डाव्या वाळ्याचं एक घुंगरू पडलं होतं, तेही सांगितलं. पुन्हा तोंडाशी आल्या की गप्प.

शिवरंजनीनं पेन्सिल थांबवली. रुद्रम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"डोळे मिटले की फ्रॉक दिसतो," त्या हळूच म्हणाल्या. "वाळे दिसतात. तोंड दिसत न्हाय. दोनतीन वर्षं झाली. कुणाला सांगितलं न्हाय म्या."

म्हणजे आता आपण काढू तीच गिरिजा होणार होती. चुकलं तर चुकलं म्हणणारंही कुणी उरलेलं नव्हतं, आणि शिवरंजनीला त्याचीच जास्त भीती वाटली. उठावं, हात जोडावेत, अव्वा, मला नाही जमायचं म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण रुद्रम्मा लांबून आल्या होत्या, निर्जळी बसल्या होत्या, आणि जायला त्यांना दुसरं ठिकाण नव्हतं.

मग तिनं काही विचारलं नाही. रुद्रम्मांचं कपाळ अरुंद होतं, ते घेतलं. वरचा ओठ किंचित उचललेला होता, तोही घेतला. पुढं घ्यायला काहीच नव्हतं. तिनं गालाची रेघ ओढली. ती चुकली. चुकलेली तशीच ठेवून तिच्या शेजारून दुसरी ओढली. कान वाकडा आला, तो केसांखाली झाकला. डोळे जरा बाजूला बघणारे केले, त्या वयाचं पोर सरळ कुठं बघतं? रेघ हाताच्या आधी जायला लागली. उंबऱ्यावरचं ऊन उतरलं तोवर कागदावर एक पोरगी आली होती. फोटोसारखी नव्हती. कुणीतरी हाक मारली म्हणून वळून बघावं, तशी होती.

रुद्रम्मा बघत राहिल्या.

चित्र त्यांच्याकडे सरकवताना शिवरंजनीचं काळं बोट उजव्या गालाला लागलं. डाग उमटला. आजवर तिच्या कागदावर असा डाग कधी पडला नव्हता. ती लगबगीनं खोडरबर घ्यायला गेली, तर रुद्रम्मांनी तिचं मनगट धरलं.

"पुसू नको."

मग त्यांनी सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. भूकंपाच्या आदल्या सांजेला गणपती बोळवायचे होते. लेकीला नवा फ्रॉक घातला, केस विंचरले, आणि तेवढ्यात कोपऱ्यावर हलगी वाजली, म्हणून तिला तशीच कडेवर घेऊन पळाल्या. गालाला दृष्टीची तीट लावायची राहिली. सगळा गाव वाटेवर होता. ज्यानं त्यानं गाल ओढला, काय गोड दिसतीय म्हणाला. पहाटे जमीन हलली.

शिवरंजनीनं खोडरबर ठेवून दिला. कोळशावर बोट घासलं आणि कुणाला न विचारता तो डाग दाबून गोल, काळाभोर केला.

रुद्रम्मांनी कागदावरून दोन्ही हात ओवाळले आणि बोटं आपल्या कानशिलांवर मोडली. दहाही बोटं कडाकडा वाजली.

"लई लागली होती," त्या म्हणाल्या.